आडलर क्लबची कोच

सुनंदाला एका जागी बसवत नसे. मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली मुलगी. वडील मालगाडीवर गार्ड. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या बास्केटबॉल कोर्टवर मोठ्या मुलींचे चुकलेले बॉल आणून देता देता ती खेळायला लागली आणि सोळाव्या वर्षी महाराष्ट्राच्या संघात गेली. आठ वर्षं खेळली. मग गुरुप्रसाद कुडतरकर नावाच्या इंजिनिअरशी लग्न झालं, कॅनव्हासचे बूट धाकट्या बहिणीकडे गेले, लीना झाली, आणि १९७५ साली जहाजदुरुस्तीच्या नोकरीवर निघालेल्या नवऱ्यामागोमाग ती बहारीनला आली.

मनामाच्या अदलिया भागात त्यांना दोन खोल्यांचं बैठं घर मिळालं होतं. सकाळी गुरुप्रसाद शिफ्टला आणि लीना शाळेच्या बसला गेली की दुपारी दोनपर्यंत घरात पंख्याच्या आवाजाशिवाय काही नसे. सुनंदा आवरलेलं घर पुन्हा आवरायची. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला न्यायची. गल्लीतून फेऱ्या मारायची, तर दुकानदार बाहेर येऊन विचारायचा, मॅडम, काही हरवलंय का? गुरुप्रसाद शांत माणूस. संध्याकाळी आल्यावर दिवाण कालच्या जागी नसला, तर तो मुकाट्याने नव्या जागी जाऊन बसे आणि पेपर उघडे.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात गुरुप्रसादच्या कंपनीला एका जर्मन कंपनीकडून जेवणाचं आमंत्रण आलं. ही मंडळी समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना बांधायला आली होती. बुदैया गावाच्या रस्त्यालगत, भाजीच्या मळ्यांमागे, त्यांची पत्र्याच्या घरांची वसाहत होती आणि वसाहतीच्या मधोमध सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट. जेवणाआधी तिथे सामना चालला होता. बाकीच्या बायका खुर्च्यांवर बसल्या. सुनंदा कडेला उभी राहिली. पाचच मिनिटांत ती शेजारच्या माणसाला इंग्रजीत म्हणाली, की तुमचा तो सात नंबरचा दर वेळी डावीकडेच जातो, समोरच्याला हे कळलंय, त्याला स्वतःला कळलेलं नाही.

शेजारचा माणूस दोन मीटर उंच होता. त्याचं नाव ओस्टरमान. तो या सगळ्या प्रकल्पाचा प्रमुख. त्याने सात नंबरकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग विचारलं, की हे तुम्हाला कसं समजलं? ती म्हणाली, मी आठ वर्षं खेळलेय. ओस्टरमानला बास्केटबॉलचं वेड होतं. त्याच्या क्लबचं नाव आडलर, म्हणजे गरुड. बेटावरच्या कंपन्यांची आणि क्लबांची मिळून एक लीग होती, तीत हा गरुड तळाशी बसलेला असे. त्याने तिथल्या तिथे विचारलं, की आमच्याकडे स्कोअर लिहायला कोणी नाही, याल का?

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी कंपनीची व्हॅन तिला न्यायला येऊ लागली. व्हॅनवर शंभू होता, देवगडकडचा. सुनंदाला तो पहिल्या दिवसापासून वयनी म्हणायला लागला. आपल्याला यातलं काही कळत नाही असं तो सांगे, पण सामना सुरू झाला की गाडी सोडून कोर्टाच्या जाळीला नाक लावून उभा राही.

स्कोअर लिहायला डोकं लागत नाही. सुनंदाने स्वतःची एक वेगळी वही केली. कोणाचा शॉट कुठून चुकला, कोण थकल्यावर कोणत्या बाजूला वाकतो, कोण कोणाला पास देतच नाही, असं सगळं ती लिहायची. ओस्टरमानने एकदा ती वही मागून घेतली आणि परत करताना तिच्याकडे नीट बघितलं. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात क्लबच्या कोचचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो मायदेशी गेला. ओस्टरमान स्वतः अदलियाच्या घरी आला, दारातून वाकून आत शिरला, दिवाणाच्या कडेला अवघडून बसला आणि म्हणाला, की फ्राउ सुनंदा, कोचचं काम तुम्ही करा.

तो गेल्यावर गुरुप्रसादने दिवाणाची चादर सरळ केली. मग त्याने विचारलं, "घालशील काय?"

त्याची अडचण तेवढीच होती. तिने सलवार-कमीज घातली आणि मनामाच्या बाजारातून कॅनव्हासचे बूट आणले. महाराष्ट्र मंडळात थोडी कुजबुज झाली. मंडळाच्या सेक्रेटरींच्या पत्नी मथुराताई हळदीकुंकवाला सगळ्यांदेखत म्हणाल्या, की उघड्या मांडीच्या पुरुषांना शिट्ट्या मारून पळवायचं, हा काय पोरकटपणा? सुनंदाने ओटी घेतली आणि तशीच प्रॅक्टिसला गेली.

हे जर्मन उंच होते, दणकट होते, वाऱ्याच्या वेगाने धावत. पण बॉल घेऊन थांबताना त्यांची एक-दोन पावलं जास्त पडत आणि नियमभंगाची शिट्टी वाजे. शंभूने ते जाळीबाहेरून आधीच हेरलं होतं. "वयनी," तो गाडीत म्हणाला, "ह्यांका धावूक येता, पण थांबूक येणा नाय."

सुनंदाने पहिले दोन आठवडे त्यांना बॉल दिलाच नाही. धावायचं, शिट्टी वाजली की दोन्ही पायांवर थांबायचं, पुन्हा धावायचं. वेल्डर, फोरमन, ड्राफ्ट्समन, सगळे कुरकुरले. एक जण सोडूनही गेला. त्याच्या जागी तिने नजीबला घेतलं. नजीब बुदैयाचाच, कारखान्याच्या ऑफिसात नकाशे काढायचा. उंची बेताची, पण नजर चपळ. जर्मन क्लबात बहारीनी कशाला, असं कोणीतरी म्हणालं. तिने ते कानाआड केलं.

त्याच हिवाळ्यात ओस्टरमानने रीडलला आणलं. कागदावर तो सेफ्टी इन्स्पेक्टर होता. खरं म्हणजे त्याला खेळण्यासाठीच बोलावलं होतं. कोळशाच्या खाणींच्या एका जर्मन गावात एक व्यावसायिक क्लब होता, त्यात तो दहा वर्षं खेळला आणि एक गुडघा दुखावून बसला. एका खाणमालकाच्या हौसेवर तो क्लब चार वर्षांत तिसऱ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत चढला होता, आणि खाण बंद पडल्यावर एका हिवाळ्यात संपला. रीडल हे फारसं बोलत नसे. एकदाच, व्हॅनमधून परत येताना, तो तिला म्हणाला होता, "वर जात होतो तेव्हा गाव म्हणायचं, आपला क्लब. खाली यायला लागल्यावर म्हणायला लागलं, त्यांचा क्लब."

तेव्हा सुनंदाने ते नीट ऐकलं नाही. तिच्या डोक्यात शुक्रवारचा सामना होता.

आडलर पहिल्या वर्षी चौथा आला, दुसऱ्या वर्षी दुसरा. ब्याऐंशीच्या मेमध्ये तो लीग जिंकला. शेवटच्या सामन्यात समोर अमेरिकन नाविकांचा संघ होता. त्यांना सहा वर्षांत कोणी हरवलं नव्हतं. शिट्टी वाजली तेव्हा शंभू जाळीवरून उडी मारून आत आला आणि त्याला खाली उतरताना लागलं, ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात सुनंदा कडेला, अर्धी कापलेली. गुरुप्रसादने तो फोटो ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला, आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला ते दुसऱ्याच कोणाकडून समजलं.

ओस्टरमानने कंपनीकडून हॉल बांधून घेतला. आत एअरकंडिशनर, लाकडी जमीन, सहाशे माणसांची बैठक. आणखी दोन खेळाडू जर्मनीहून आले, तेही नावापुरते इन्स्पेक्टर. पुढच्या वर्षी पुन्हा लीग जिंकली. गंमत अशी, की जिंकायला लागल्यापासून सुनंदाची तगमग वाढली होती. हरत होते तेव्हा काय चुकलं ते शोधता यायचं. आता ती पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि ओट्यावर मीठ-मोहरीच्या बरण्या सरकवत बसायची. लीना अकरा वर्षांची झाली होती. ईसा टाउनच्या शाळेत जायची, मराठी समजायचं, पण बोलायची इंग्रजीत. एकदा ती शाळेतलं काहीतरी सांगता सांगता मधेच थांबली, आईकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "यू आर नॉट हिअर, आई." सुनंदाला वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी बरण्या पुन्हा सरकल्याच.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात ओस्टरमानने तिला ऑफिसात बोलावलं. आखातातल्या सगळ्या देशांच्या क्लबांची एक मोठी स्पर्धा भरणार होती आणि आडलरला आमंत्रण होतं. जर्मनीहून एक नावाजलेला कोच यायला तयार झाला होता.

"तुम्ही पाया घातलात," ओस्टरमान म्हणाला. "पुढचं काम आता व्यावसायिक माणसाचं."

"मी काय करू शकले नाही, ते सांगा."

ओस्टरमान खिडकीबाहेर पाहत राहिला. "परदेशी संघांसमोर, बाकावर..." एवढं बोलून तो थांबला. माणूस वाईट नव्हता. वाक्य पुरं करायची त्याला लाज वाटली. मग त्याने स्कोअरच्या टेबलाचं काम पुन्हा देऊ केलं.

ही गोष्ट तिने चार दिवस गुरुप्रसादला सांगितली नाही. तिसऱ्या दिवशी दिवाण पुन्हा जुन्या भिंतीला गेला, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे त्याला उमगलं, पण तो विचारणाऱ्यांतला नव्हता. आणि तिने टेबलाचं काम घेतलं. का घेतलं, याचा तिला पुढे फार राग आला. पण त्या वेळी हॉलपासून लांब राहणं तिला जमणारं नव्हतं.

नव्या कोचला सगळं शास्त्र येत होतं. त्याने आणखी तीन जर्मन आणले आणि नजीबला बाकावर बसवलं. चार सामने नजीब ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसून राहिला. पाचव्या सामन्याआधी यादीत त्याचं नावच नव्हतं. तो बैठकीत, आपल्या भावांशेजारी येऊन बसला. सुनंदाने त्या दिवशीचा स्कोअर शेवटपर्यंत लिहिला, खाली सही केली, कागद पंचांच्या हातात दिला, आणि पुन्हा त्या हॉलमध्ये गेली नाही.

पुढची दोन वर्षं तिने काय काय केलं. टायपिंग शिकली. मंडळाच्या गणपतीला लेझीम बसवलं आणि बायकांना इतकं दमवलं, की पुढच्या वर्षी त्यांनी समूहगीत ठेवलं. क्लबची बातमी शंभूकडून कळे. आखाती स्पर्धेत आडलर पहिल्याच फेरीत हरला. कोच आणि ओस्टरमान यांचं फाटलं, कोच वर्षभरात गेला. बुदैयाची माणसं नजीबपाठोपाठ सामन्याला यायची बंद झाली आणि सहाशेच्या बैठकीत साठ डोकी दिसू लागली. मग पंच्याऐंशीच्या अखेरीला कारखाना पुरा झाला. पाणी सुरू झालं, फिती कापल्या गेल्या, आणि ओस्टरमानची दुसऱ्या देशात बदली झाली. पाच इन्स्पेक्टर आठवड्याभरात गेले. खलास, शंभू म्हणाला. हॉलला कुलूप लागलं आणि आत पाइप आणि केबलची रिळं येऊन पडली.

इकडे गुरुप्रसादने पुण्यात एका कारखान्यात नोकरी पक्की केली होती. लीनाचं नववीचं वर्ष तिकडे सुरू व्हायला हवं होतं. मार्चअखेर निघायचं ठरलं. घराच्या मालकाला तसं कळवलंही.

जानेवारीतल्या एका दुपारी दारावर टकटक झाली. रीडल, नजीब आणि मागे शंभू. एवढा थोरला रीडल दारात विद्यार्थ्यासारखा उभा होता. तो गेला नव्हता. कारखान्याच्या देखभालीच्या कामावर त्याला ठेवून घेतलं होतं. आडलरचं नाव लीगमध्ये आधीच नोंदलं गेलं होतं, तो सांगत होता. सात जण उरले होते: तो, नजीब, दोन वेल्डर, एक कॅन्टीनचा माणूस, आणि नजीबचे दोन चुलत भाऊ. कंपनीला काही देणंघेणं नाही. हॉल नाही. कोच नाही.

"गुडघा कसा आहे?" सुनंदाने रीडलला विचारलं.

"वाईट आहे."

ती आत गेली, चहा टाकला. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरात तीन फेऱ्या झाल्या. बाहेर येऊन ती म्हणाली, "उद्या साडेपाचला. सिमेंटच्या कोर्टवर."

ते गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की लीग बावीस मेपर्यंत चालते.

महिनाभर तिने विषय काढला नाही. रोज संध्याकाळी जायची, धुळीने पांढरे झालेले बूट दाराबाहेर काढायची. शेवटी फेब्रुवारीत, तिकिटं काढायची वेळ आली तेव्हा, जेवण होत आल्यावर तिने सांगितलं, की तुम्ही आणि लीना पुढे जा, मी मेअखेर येते.

गुरुप्रसादने ताटातली बोटं काढली नाहीत. "हरणाऱ्या टीमसाठी?"

"जिंकत होती तेव्हा त्यांना मी नको होते."

"म्हणूनच विचारतोय. ज्यांनी तुला बाजूला केलं, त्यांच्यासाठी?"

"ज्यांनी केलं ते गेले सगळे. हे उरलेत, त्यांनाही कोणी विचारलं नव्हतं." ती थोडं थांबली. "अहो, मी इथे अकरा वर्षं आहे. यातलं माझं असं काय आहे, सांगा. मला ते अर्ध्यावर टाकून यायचं नाहीये."

"आणि लीनाला काय सांगू?"

"आईला काम आहे म्हणून सांगा."

तो उठला, हात धुतले. मग म्हणाला, की हे सगळं ठीक, पण तुझा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. मी राजीनामा दिला की दुसऱ्या दिवशी तुझं रेसिडेंट कार्ड रद्द होतं. तिला हे सुचलंच नव्हतं. त्या रात्री ओट्यावरच्या बरण्या पुन्हा सरकल्या. एवढ्याशा गोष्टीत सगळं अडावं याचा संताप करायलाही समोर कोणी नव्हतं.

गुरुप्रसाद आठवडाभर नेहमीसारखा कामावर गेला, आला. आठव्या दिवशी त्याने एक कागद टेबलावर ठेवला आणि पेपर वाचायला बसला. ते त्याच्या मॅनेजरचं पत्र होतं. त्याची दोन महिन्यांची लीव्ह शिल्लक होती. ती एक एप्रिलपासून मंजूर झाली होती आणि राजीनामा तीस मेपासून लागू होणार होता. पुण्याच्या कारखान्याला त्याने जूनमध्ये येतो म्हणून कळवून टाकलं होतं. एप्रिल-मे तो लीनाची शाळा, घर, गॅसचं कनेक्शन यांच्या मागे लागणार होता. सुनंदाने पत्र दोनदा वाचलं. तिने विचारलं, चहा टाकू का? तो म्हणाला, टाक.

विमानतळावर लीनाने हात हलवला, तोही वडिलांनी सांगितल्यावर. परत येताना सुनंदाने शंभूला व्हॅन कोर्टवर न्यायला सांगितली आणि कोणी नसताना अर्धा तास एकटीच शॉट मारत राहिली.

घर सोडलं होतं, राहायचा प्रश्न होता. आणि तो सुटला मथुराताईंमुळे. त्यांचा मुलगा शिकायला मुंबईला गेला होता, खोली रिकामी होती. त्या आपणहून येऊन म्हणाल्या, की मला तुझं काही पटत नाही, पण हॉटेलात राहू नकोस.

सात जणांना घेऊन खेळणं म्हणजे कसरत होती. एकाला ओव्हरटाइम लागला की सहा उरत. कॅन्टीनचा माणूस लठ्ठ होता पण हात मऊ. त्याच्याकडून बॉल सुटत नसे. नजीबचे भाऊ नुसतेच पळत, त्यांना तिने पुन्हा दोन पायांवर थांबणं शिकवलं. रीडलला ती अर्धाच सामना खेळवायची. उरलेला वेळ तो गुडघ्यावर बर्फ धरून तिच्या शेजारी बसे आणि दोघं हळू आवाजात भांडत. ते सामन्यामागून सामने हरत होते. फेब्रुवारीत एक जिंकले, एप्रिलमध्ये एक. पण बुदैयाची माणसं पुन्हा जाळीबाहेर जमायला लागली होती. मळ्यातली कामं आटोपून म्हातारे यायचे, उलट्या क्रेटवर बसायचे, आणि सुनंदाने टाइम-आउट घेतला की तेही आपसात चर्चा करायचे.

बावीस मेला शेवटचा सामना होता, एका हॉटेलच्या फिलिपिनो कर्मचाऱ्यांच्या संघाशी. दोन्ही संघ तळाला. हरेल तो लीगच्या बाहेर. मथुराताई डब्यात शंकरपाळे घेऊन आल्या आणि जाळीपाशी शंभूशेजारी उभ्या राहून, कोणाच्या अंगात कोणत्या रंगाचा बनियन आहे, हे विचारू लागल्या.

रीडलने त्या दिवशी पूर्ण सामना खेळायचा हट्ट धरला, आणि त्याचे सगळे शॉट लागत होते. एका पायावर लंगडत त्याने सव्वीस गुण केले. अकरा सेकंद उरले तेव्हा फलकावर अठ्ठावन्न-एकोणसाठ होतं; आडलर एकाने मागे, बॉल आडलरचा. सुनंदाने टाइम-आउट घेतला.

सात जण तिच्याभोवती उभे राहिले, घामाने निथळत. रीडलवर दोघे जण लागणार हे सगळ्यांना माहीत होतं. तरी बॉल त्यालाच द्यावा, असं कोणालाही वाटलं असतं. तिने विचारलं, "शेवटचा शॉट कोण घेणार?"

रीडलने गुडघ्याकडे बघितलं. वेल्डर बुटांकडे बघू लागले. नजीब तिच्याकडे बघत होता.

"नजीब," ती म्हणाली.

बॉल आत आला, रीडलकडे जायचं भासवून उजवीकडे फिरला, नजीबकडे आला. दोन पावलं धावून तो थांबला, दोन्ही पायांवर, जमिनीत रोवल्यासारखा. समोर कोणी नव्हतं. बॉल उंच गेला, रिंगवर आपटला, रिंगच्या कडेवरून एक गिरकी घेतली, आणि बाहेर पडला.

फिलिपिनो पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मग त्यांच्यातले दोघे येऊन रीडलला आधार देऊन बाकापर्यंत घेऊन आले. नजीब तिथेच, ज्या जागेवरून शॉट मारला तिथे, खाली बसला होता. सुनंदा त्याच्यापाशी गेली.

"थांबलास बरोबर," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग कोपराने तोंड पुसलं आणि उठला. मथुराताईंनी डबा उघडला आणि जो समोर येईल त्याच्या हातावर शंकरपाळे ठेवायला सुरुवात केली. हे आपले, ते परके, हा हिशोब त्यांच्या ध्यानातच राहिला नाही.

चार दिवसांनी कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं: आडलर क्लब बंद करण्यात येत आहे. रीडल बहिणीच्या रोपवाटिकेत काम करायला जर्मनीला जाणार होता. निघण्याआधी त्याने सुनंदाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. नजीब एका मोठ्या बहारीनी क्लबच्या चाचणीला जाणार होता. त्याने तिला प्रशस्तिपत्र मागितलं आणि तिने टायपिंग शिकल्याचा तेवढा एक उपयोग केला. शंभूने विमानतळावर तिची बॅग वजनाच्या काट्यापर्यंत नेऊन ठेवली. "वयनी, आता मंगळवारचा काय करूचा?" एवढंच त्याने विचारलं.

मुंबईला गुरुप्रसाद आणि लीना घ्यायला आले होते. पुण्याची टॅक्सी केली. गुरुप्रसाद ड्रायव्हरशेजारी बसला आणि चेंबूर यायच्या आत झोपला. मागे मायलेकी दोन बाजूंच्या खिडक्यांशी. लीना दोन महिन्यांत उंच झाली होती. पनवेल गेल्यावर तिने बाहेर बघत विचारलं, "जिंकलात?"

"नाही."

मग सुनंदाने सांगायला सुरुवात केली, शेवटच्या सामन्याचं, पहिल्या मिनिटापासून. रीडलचा गुडघा, कॅन्टीनवाल्याचे मऊ हात, अठ्ठावन्न-एकोणसाठ. लीना आधी खिडकीकडे तोंड करून ऐकत होती, मग तिने पाय सीटवर घेतले. नजीबचा शॉट बाहेर पडला तेव्हा टॅक्सी घाटाच्या पायथ्याशी आली होती.

"पण रीडलचे शॉट लागत होते ना?" लीना म्हणाली. दोन महिन्यांत तिची मराठी मोकळी झाली होती. "मग नजीबला का दिलास?"

"मी विचारलं तेव्हा बाकी सगळे खाली बघत होते. तो माझ्याकडे बघत होता."

"बघत होता म्हणून?"

"म्हणूनच."

"पुन्हा तीच वेळ आली तर?"

सुनंदाने विचार केला. खरोखरच केला, एक पूर्ण वळण गेलं. "त्यालाच देईन."

"मी रीडलला दिला असता," लीना ठामपणे म्हणाली. "दोघांनी घेरलं असतं तरी. एवढा उंच आहे तो."

"अगं, पण त्याचा गुडघा..."

"सव्वीस पॉइंट केले ना त्याच गुडघ्यावर?"

सुनंदा सरसावून बसली. घेरलेल्या माणसाला बॉल पोचवायचा कसा, ते तिने पर्स, पाण्याची बाटली आणि लीनाच्या दोन चपला सीटवर मांडून दाखवायला घेतलं. लीनाने एक चप्पल उचलून दुसरीकडे ठेवली आणि म्हणाली, इथून. आवाज चढले. गुरुप्रसाद दचकून जागा झाला, मागे वळून बघितलं, आणि खंडाळा आलं का म्हणून विचारलं. त्याला कोणी उत्तर दिलं नाही.